टोर्नबीच्या डेअरीचं पुस्तक

स्वेंडबॉर्ग, ४ सप्टेंबर १९८७

प्रिय डाग्नी आत्या,

फोनवर नीट भांडता येत नाही म्हणून तू फोन उचलत नाहीस. तेव्हा सगळं कागदावरच सांगते.

माझं बरं चाललंय. या आठवड्यात टेबलावर काय काय आहे ते ऐक. एका कंपनीच्या विहिरीच्या पंपाची माझीच जुनी माहितीपुस्तिका आहे, नव्या आवृत्तीसाठी सुधारायची. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं जिना कसा चढायचा याचं पत्रक आहे, तेही पुन्हा छापायचंय. एका निवृत्त कप्तानाच्या आठवणी आहेत, त्यातली निम्मी वादळं मला कापायची आहेत आणि त्याला एकही सोडवत नाही. शिवाय नाताळच्या बदकाची कृती, जी दर वर्षी सप्टेंबरातच लिहावी लागते. लिहिताना मला खरोखर भूक लागली आणि घरात फक्त राय धान्याचा काळा पाव होता.

आता मुद्द्याचं. वसंतात ते साप्ताहिक बंद पडल्यापासून माझं दरमहा ठरलेलं काम गेलं, हे तुला माहीत आहेच. नगरपालिकेनं मला नोकरी देऊ केलीय. बर्फ कुणी उपसायचा, कुत्र्याला पट्टा कधी बांधायचा, असल्या सूचना लिहायच्या. खुर्ची पक्की, पेन्शन पक्की. पण अट अशी की बाहेरचं एकही काम करायचं नाही. पंधरा नोव्हेंबरपर्यंत हो की नाही कळवायचंय. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांसाठी लिहिते आहे आणि माझं नाव असलेलं एक पान नाही. ही खुर्ची घेतली तर ते कधीच असणार नाही.

आणि आता कळतंय की तुमच्या डेअरीला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होताहेत आणि त्याचं पुस्तक काढायचं आहे. आत्या, मला ते लिहायचंय. ते मिळालं तर मी नगरपालिकेला नाही म्हणेन. नाही मिळालं तर पट्टे आणि बर्फ. कुणाकडे अर्ज करायचा ते कळव.

योगायोग बघ. तुमच्या अध्यक्षाच्या, एस्किल ब्येरेच्या साठीला पाहुण्यांनी मिळून म्हणायचं गाणंही त्याच्या बायकोनं, वालबोर्गबाईंनी माझ्याकडूनच मागवलंय.

तुझी,
मेरेटे

*

टोर्नबी, ९ सप्टेंबर

मेरेटे,

पत्र मिळालं. पंप, खुबा, कप्तान, बदक. एक ना धड, भाराभर चिंध्या. तुझा बाप म्हणायचा, पोरगी हुशार आहे, मार्गी लागेल. तो गेला, तू अजून मार्ग शोधतेच आहेस. लोक मला विचारतात, तुझी भाची काय करते? मी काय सांगू? सुताराची भाची सुतारकाम करते, असं सांगता येतं. तुझं सांगायला बसले तर कॉफी गार होते.

नगरपालिकेची नोकरी घे. माझं मत हे आहे, आणि मी ते लपवत नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगते. अर्ज बिर्ज काही नसतो. पुस्तक कुणी लिहायचं ते सर्वसाधारण सभा ठरवणार. बारा नोव्हेंबरला, गावाच्या सभागृहात, हात वर करून. आमची डेअरी सहकारी, इथं मत माणसाचं मोजतात, गायींचं नाही. ज्याच्या गोठ्यात सव्वाशे गायी आहेत त्यालाही एक हात आणि मलाही एकच. म्हणून तर गुडघे कुरकुरत असूनही मी गाई विकत नाही. गाय गेली की सभासदत्व गेलं, आणि मग सभेत तोंड कुठं उघडायचं?

पण हुरळून जाऊ नकोस. एस्किलनं कोपनहेगनचा एक अभ्यासक आधीच हेरून ठेवलाय. भला माणूस आहे. शेजारच्या बेटावरच्या डेअरीचं पुस्तक त्यानंच केलं. जाड आहे, कापडी बांधणीचं. एस्किलला जाड वस्तू आवडतात. आणि एस्किलच्या मनाविरुद्ध या गावात कोंबडाही आरवत नाही.

त्याचं गाणं मात्र नीट लिही. तेवढं एक तुझ्या हातात आहे.

डाग्नी

*

स्वेंडबॉर्ग, २२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या चिंध्या पोचल्या, अंगाला लागल्या, आणि तरीही मी आज खुशीत आहे. एस्किलचं गाणं झालं. वालबोर्गबाईंनी फोनवर मला तासभर माहिती पुरवली, आणि मला कळलं की हा माणूस चिडका आहे, हेकट आहे, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात गाय अडली तर कोट न घालता धावत सुटतो. दोन ओळी तुला आधीच वाचायला देते:

*गोठ्यात ज्याचा दिवा लागतो सूर्याच्याही आधी,*
*शेजाऱ्याची गाय अडली, तो झोपला नाही कधी.*

आजवर लिहिलेल्या गाण्यांत हे सगळ्यात चांगलं आहे. शनिवारीच इथल्या एका दंतवैद्याचा निवृत्तीचा समारंभ आहे, त्यांचंही गाणं मीच केलंय. दोन्ही काल छापून आणली, गुंडाळ्या केल्या, रेशमी दोरे बांधले. एस्किलला निळा, दंतवैद्याला लाल. आज सकाळच्या बोटीनं तुमची पेटी निघाली.

शनिवारी तू तिथं असशीलच. तो हसला का, ते मला कळव. साठीला माणूस मऊ होतो म्हणतात. सभेत कदाचित माझी आठवण ठेवील.

तुझी,
मेरेटे

*

टोर्नबी, २८ सप्टेंबर

मेरेटे,

बसली आहेस ना? बस.

शनिवारी सभागृह भरलं होतं. डुकराचं भाजलेलं मांस, लाल कोबी, तीन भाषणं, सगळं रीतसर. मग वालबोर्ग उठली आणि म्हणाली, आता गाणं. प्रत्येकाच्या ताटाशी गुंडाळी होती. दोरा लाल होता. मला निळा आठवत होता, पण म्हटलं, असेल. पेटीवादकानं सूर दिला आणि आम्ही सगळे गायला लागलो:

*तीस वर्षं आम्ही तुमच्यापुढं आ वासून बसलो,*
*तुम्हीच बोललात, सुटलो तेव्हा अर्ध्या तोंडानं हसलो.*

लोकांना वाटलं, पोरीनं अध्यक्षाची काय फिरकी घेतलीय. आमच्या सभांचं याहून खरं वर्णन कुणी केलेलं नव्हतं. मागच्या टेबलावर माणसं डोळे पुसत होती. दुसरं कडवं सुईचं होतं. तिसऱ्यात, ओरडलं तरी तुम्ही सोडलं नाहीत. चौथ्यात सरळसरळ दाढ निघाली, नावासकट दंतवैद्य निघाला, आणि त्याचा स्वेंडबॉर्गमधला पत्ता निघाला.

आणि कुणी थांबलं नाही. थांबणार कोण? कागद हातात आहे, चाल ओळखीची आहे, कडवी सात छापली आहेत. म्हणजे सात म्हणायचीच. आपली माणसं घर जळत असतानाही छापलेलं गाणं पुरं करतील. वालबोर्ग पांढरीफटक झाली होती आणि तरीही खालचा सूर धरून गात होती. शेवटी आम्ही उभे राहिलो, ग्लास उचलले आणि दंतवैद्य योर्गेनसेनच्या नावानं तीनदा हुर्रा केलं.

एस्किल उभा होता. त्यानं ग्लास उचलला नाही. मिठाई यायच्या आत तो गोठा बघायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही.

मी तुला बोलणार नाही. सगळं बेट बोलतंय.

डाग्नी

*

स्वेंडबॉर्ग, १ ऑक्टोबर

आत्या,

दोऱ्यांचे रंग बरोबर होते, पेट्यांवरचे पत्ते उलटे पडले. मीच लिहिले होते. एकाच दिवशी कप्तानाची वादळं, पंपाचा दट्ट्या आणि दोन पेट्या, असं काम केलं की हे होणारच. चिंध्या म्हणालीस ते खरं होतं.

दंतवैद्याकडे काय झालं ते काल कळलं. मी माफी मागायला गेले होते. तर तो म्हातारा दारात माझे दोन्ही हात धरून उभा राहिला. पहिल्या कडव्याला सगळे एकमेकांकडे बघायला लागले म्हणे, गोठा कुठला, गाय कुठली. दुसऱ्या कडव्यापासून ते बघणं बंद झालं. शेवटच्याला नर्सपासून नगरसेवकापर्यंत सगळे आपणहून उभे राहिले आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्या एस्किल ब्येरेच्या नावानं त्यांनी तीनदा हुर्रा केलं. दंतवैद्य मला म्हणाला, "माझं गाणं नव्हतं ते, पण ऐकताना वाटलं, दात काढण्याऐवजी असं काहीतरी करायला हवं होतं."

पण याचा आता उपयोग काय? ज्याचं गाणं होतं त्यानं ते ऐकलंच नाही. तो आयुष्यात माझं नाव घेणार नाही. मी सभेला येत नाही. नगरपालिकेला आज हो म्हणून पत्र लिहिलंय, पाकिटात घातलंय, तिकीट लावलंय. फक्त पोस्टाच्या पेटीत टाकायचं बाकी आहे. एस्किलचं खरं गाणं सोबत पाठवते आहे. त्याला द्यायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

मेरेटे

*

टोर्नबी, ७ ऑक्टोबर

मेरेटे,

ते पाकीट पेटीत टाकलं असलंस तर पोस्टमनच्या पाया पडून परत घे. नोकरी घे असं मी म्हणाले होते, पळून जा असं नव्हते म्हणाले. दोन्हींत फरक आहे, आणि लिहिणाऱ्या बाईला तो मी सांगायला नको.

मी गाणं घेऊन एस्किलकडे गेले. तो गोठ्यात होता. मी म्हटलं, हे तुझं. तो म्हणाला, ठेव तिथं. मी म्हटलं, ठेवत नाही, वाच. त्यानं हात पुसले आणि वाचलं. मग उलट्या बादलीवर बसून पुन्हा वाचलं. दंतवैद्याकडे काय झालं ते मी सांगितलं. त्यानं कागद नीट गुंडाळून खिशात घातला. मग विचारलं, "उभे राहिले होते?"

मी म्हटलं, उभे राहिले होते, नगरसेवकसुद्धा.

"मला ओळखत नसताना?"

"ओळखत नव्हते म्हणूनच," मी म्हटलं. "ओळखणारे फिरकी समजून हसत होते."

यावर तो गायीकडे तोंड करून उभा राहिला. नाक ओढल्याचा आवाज आला. गोठ्यात धूळ असते.

याचा अर्थ तो तुझ्या बाजूनं झाला असा घेऊ नकोस. अभ्यासकाला त्यानं शब्द दिलाय आणि तो शब्द फिरवणारा नाही. पण सभेपुढं दोन नावं मांडायला तो तयार झालाय. बारा नोव्हेंबरला दुपारच्या बोटीनं ये. काळा कोट घालू नकोस, कुणी मेलेलं नाही.

आणि माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. मला योग्य वाटेल ते मी करीन.

डाग्नी

*

स्वेंडबॉर्ग, १४ नोव्हेंबर

माझी लाडकी आत्या,

काम मिळालं!

एस्किलचा फोन आला होता. दोनच वाक्यं बोलले. "सभेनं तुम्हाला निवडलंय. तेवीसला, सोमवारी या, घरातली सगळी खोकी दाखवतो." मी खुर्चीवर चढून ओरडले. खालच्या मजल्यावरचा म्हातारा वर विचारायला आला, त्यालाही मिठी मारली.

तू सभेत सगळं पाहिलंसच, पण माझ्या बाजूनं पुन्हा ऐक. अभ्यासक आधी बोलला आणि चांगला बोलला. मग मी. एस्किलनी विचारलं, "तुम्ही आजवर काय काय लिहिलंय?" माझ्यापाशी दाखवायला एकही पुस्तक नव्हतं, म्हणून जे होतं ते सांगत गेले. पंप, खुबा, बदक, कानाची यंत्रं, पेन्शनचा अर्ज कसा भरावा, बाळाला आंघोळ कशी घालावी, लग्नाची गाणी, पेपरातले मृत्युलेख, तुमच्या बेटावरचेही. मागं कुणीतरी हसलं. मग तो बैलवाला ब्यार्ने उठला आणि म्हणाला, आमच्या डेअरीच्या पुस्तकात दाढा निघाल्या तर काय करायचं? सगळं सभागृह खो खो हसलं. मी म्हटलं, "पत्ता लिहायला आता मी दुसरं माणूस ठेवलंय. पण त्या दोन संध्याकाळी एकही माणूस गाणं अर्धं टाकून उठला नाही. शंभर वर्षांचं पुस्तकही तसंच करीन, हातात घेतलं की शेवटपर्यंत सोडवणार नाही असं."

मग आम्हा दोघांना स्वयंपाकघरात पाठवलं. दार जाड. पलीकडून नुसती गुणगुण येत होती. अभ्यासकानं मला केक कापून दिला, म्हणाला, "कानाच्या यंत्राचं पत्रक तुमचं होय? आईला मी तेच वाचून दाखवतो." तेवढ्यात शेवटची बोट सुटायची वेळ झाली आणि निकाल न ऐकताच मला पळावं लागलं.

पण मला कळलंय. सभेत कुणीतरी माझ्यासाठी उभं राहिल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. आणि ते कोण असणार? कुरकुरत्या गुडघ्यांनी उठून काय बोललीस ग? नगरपालिकेला आज नाही कळवलं. हे सगळं तुझ्यामुळे झालं, आत्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तसं लिहिणार आहे.

तुझी, आज सगळ्या जगाची,
मेरेटे

*

टोर्नबी, १७ नोव्हेंबर

मेरेटे,

पहिल्या पानावर काहीएक लिहायचं नाही. आधी ऐक, काय झालं ते.

तुम्ही आत गेलात आणि थोडा वेळ सगळे कॉफी ढवळत बसले. मग तो मुखदुर्बळ आक्सेल उठला. सबंध आयुष्यात तो सभेत एकदाही बोललेला नाही. म्हणाला, "पंपाची ती पुस्तिका तिची आहे का? मागच्या महिन्यात माझा पंप बंद पडला. ती पुस्तिका पुढं ठेवून मी तो स्वतः उघडला आणि स्वतः बसवला. मला वाटत होतं, मी मठ्ठ आहे म्हणून आजवर जमत नव्हतं." आणि खाली बसला.

मग खुबा बदललेली इंगेबोर्ग उठली. उठली म्हणजे बघ, पत्रकात लिहिलंय तशीच, आधी बरा पाय. म्हणाली, जिन्याशी मी रोज हिचं वाक्य मोठ्यानं म्हणते. मग बदक निघालं. मग पेन्शनचा अर्ज निघाला, त्यावर तीन माणसं एकदम बोलली. मग धाकट्या नील्सची बायको म्हणाली, सासऱ्यांवर पेपरात आलेला लेख आम्ही चौकटीत लावलाय, नाव नव्हतं, तो कुणी लिहिला ते मला आज कळलं. पोरी, या बेटावर असं घर नाही जिथं तुझं काहीतरी खुंटीला किंवा खणात नाही. आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं, मलासुद्धा.

शेवटी एस्किल उठला. म्हणाला, "मी अभ्यासकाला शब्द दिलाय, म्हणून माझा हात त्याच्यासाठी वर जाईल. तुम्ही कुणी शब्द दिलेला नाही." आणि त्यानं खिशातून ते गाणं काढलं, काही वाचलं नाही, टेबलावर ठेवलं आणि हात सपाट करून त्याच्यावर ठेवला. मतदान होईपर्यंत तो हात तिथून हलला नाही. दुसरा वर गेला.

मग तुझं नाव पुकारलं आणि हात वर गेले. मला मोजता येईनात इतके. पुढचे, मागचे, खिडकीत बसलेले. ब्यार्नेचाही. वालबोर्गचा कॉफीच्या किटलीसकट. मी आजवर या सभागृहात रस्त्यासाठी, दुधाच्या भावासाठी, नव्या छपरासाठी हात वर गेलेले पाहिलेत. माणसासाठी असे कधी पाहिले नव्हते. तुझा बाप असायला हवा होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आता तुला काय वाटलं त्याबद्दल. मी बोलले नाही. एक शब्दही नाही. आणि विरोधी मतं मागितली तेव्हा एस्किलचा हात वर होता, दोन-तीन खडूस म्हाताऱ्यांचे होते, आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेल असा ताठ, माझा होता.

रागावू नकोस. मी तुझ्या बाजूनं हात वर केला असता तर उद्यापासून दुकानात, चर्चमध्ये, बोटीवर एकच बोलणं झालं असतं, की आत्यानं भाचीची सोय लावली. पंधरा वर्षं तू विनानावाची राबलीस. जे काम तुला नावासकट मिळालं, त्यात माझं बोटभरही देणं नको होतं. आता कुणाची बिशाद आहे? सख्खी आत्या विरोधात होती आणि तरी ही जिंकली, असंच म्हणावं लागतंय सगळ्यांना. मी स्वतःच सांगत फिरते. आणि भाची काय करते असं विचारलं तर म्हणते, लिहिते. तेवढ्यात संपतं.

सोमवारी माझ्याकडे जेव, मग एस्किलकडे जा. आणि या सभेवर आलीस ना पुस्तकात, की हातचं राखून लिहू नकोस. लिही: डाग्नी रेफ्सगोर, पहिली रांग, विरोधात.

तुझी,
आत्या